पुढची पट्टी

१

ऑर्गनचे सूर लावणं हे एकट्या माणसाचं कामच नव्हे. एकानं आत नळ्यांच्या दाटीत शिरायचं आणि दुसऱ्यानं बाहेर बसून पट्टी दाबून धरायची. आतल्याला बाहेरचा दिसत नाही, बाहेरच्याला आतला. आतला नळीच्या टोकाची पत्र्याची कडी हलक्या हातानं वरखाली करत राहतो. सूर जागेवर बसला की तो हाक देतो, "पुढची!" मग बाहेरचा हातातली पट्टी सोडून शेजारची दाबतो. दिवसभर हेच चालतं. मास्तरांनी जन्मभर दुसरा धंदा केला नव्हता, आणि त्यांच्यासाठी पट्टी धरायला जन्मभर त्यांची बायको बसली होती.

बायकोला ते नावानं हाक मारत नसत. घरी 'अगं' आणि कामावर 'पुढची', एवढ्या दोन शब्दांत आमचा संसार झाला, असं तीच लोकांना हसत सांगायची. तिला एक खोड होती. सूर जुळला की मास्तरांनी तोंड उघडायच्या आत, केसभर आधी, ती शेजारची पट्टी दाबून मोकळी व्हायची. मास्तर चिडायचे. "मला म्हणू तरी देत जा." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "तुम्ही तोंड उघडेपर्यंत माझा चहा निवतो." ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं.

ती गेल्यावर मास्तर हत्यारं गुंडाळून ठेवणार होते, पण बबीनं ठेवू दिली नाहीत. बबी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. नोकरीतून रजा काढून ती आईच्या स्टुलावर बसू लागली. आईचा कान काही तिला आला नव्हता. बाबा 'पुढची' म्हणाले की दाबायची, नाही म्हणाले तर जांभई द्यायची. आता तिचं लग्न ठरलं होतं आणि हे जुन्या चर्चमधलं काम तिचं शेवटचंच होतं. मास्तरांना जगात तिच्यावाचून कुणी नव्हतं. हे ते तिला स्वेटर घाल, पाणी उकळून पी, जिना जपून उतर, अशा भाषेत दिवसभर ऐकवत असत.

बसमधून उतरल्यावर मास्तरांनी कोपऱ्यावरच्या न्हाव्याला विचारलं, "चर्च पुढच्या गल्लीत का हो?"

गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता न्हाव्याचा हात थांबला. "पलीकडच्या," तो म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. पुढच्या."

"पलीकडच्या गल्लीत," न्हावी पुन्हा म्हणाला आणि बाकावर ताटकळलेल्या माणसाकडे बघून त्यानं नुसती मान हलवली. "या, तुम्ही बसा."

बबीला हसू आवरेना. गल्लीच्या तोंडापर्यंत ती 'पलीकडच्या, पलीकडच्या' करत आली.

चर्चच्या भिंती हातभर जाड होत्या आणि उंबऱ्याचा दगड मधोमध खोल झिजला होता. आत मेणाचा आणि तेल पाजलेल्या लाकडाचा वास होता. क्रूसाच्या पायथ्याशी, माणसाचा हात पोचतो तेवढ्याच उंचीवर, लाकडाचा रंग पार उडाला होता. पिढ्यान् पिढ्या माणसं तिथं बोटं टेकवून गेली होती. मास्तर देवाधर्माच्या भानगडीत पडणारे नव्हेत. पण ज्या वस्तूला एवढ्यांचे हात लागलेत तिची टिंगल करू नये, एवढी समज त्यांना होती. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

कारागिराची नजर, म्हणून ते बाक बघत पुढे गेले. सगळ्या बाकांवरचं पॉलिश बसून बसून पांढुरकं झालं होतं. पहिल्या बाकाच्या मधल्या वाटेकडच्या टोकाला मात्र एक जागा तशीच कोरी होती, जशी काल सुताराकडून आली. तिथं कधीच कुणी बसलेलं नव्हतं. आणि त्याच जागेसमोरची गुडघे टेकायची फळी दोन खळगे पडेपर्यंत झिजलेली होती.

मास्तरांनी खाली वाकून खळग्यात बोटं फिरवली. लाकूड गुळगुळीत लागलं.

२

दुपारी जपमाळेच्या प्रार्थनेला वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका येत. थोरली आत्या त्यांची म्होरकी. साऱ्या वस्तीची ती आत्या होती. तिचा धाकटा भाऊ चर्चची घंटा वाजवायचा, म्हणून त्याला सगळे घंटाकाका म्हणत.

पहिल्याच दिवशी आत्या धापा टाकत सज्जावर चढून आली. ऑर्गन तिथं होता, दाराच्या डोक्यावर, वेदीकडे तोंड करून.

"मास्तर, कामाला हात घालण्याआधी एक सांगायचंय," ती स्टुलावर टेकत म्हणाली. "इथं 'पुढचा', 'पुढची' असं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणायचं?" बबीनं विचारलं.

"काहीही म्हण. 'दुसरी' म्हण. काठी ठोका. तो शब्द नको."

मास्तरांच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, आत्यानं दम खाल्ला आणि नीट सांगायला घेतलं. "आमच्यात माणूस पुरला की शेवटची प्रार्थना त्याच्यासाठी नसते. तो गेला, त्याची सोय लागली. शेवटची असते ती आपल्यातल्या पुढच्यासाठी. कबरीभोवती उभे असतात त्यांच्यातलाच कुणीतरी तो. कोण, ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून नाव घेत नाहीत, बाई की पुरुष तेही म्हणत नाहीत. पण प्रार्थना आधी करून ठेवायची. म्हणजे ज्याची वेळ येईल त्याला वाटत नाही की आपण एकटेच निघालोय."

"ती पहिल्या बाकावरची जागा त्याचीच का?" मास्तरांनी विचारलं.

"त्याचीच. ठेवून दिलेली."

"पण तिथं कुणी बसत नाही, तर समोरची फळी कशानं झिजली?"

आत्यानं जपमाळ मुठीत घेतली. "फार जुनं चर्च आहे हो," ती म्हणाली आणि उठली. जिन्याच्या तोंडाशी वळून तिनं एवढंच वर जोडलं, "बोलावणं ज्याचं त्यानं करायचं. आपण नाही बोलवायचं."

ती गेल्यावर बबी म्हणाली, "न्हाव्याचं कोडं सुटलं. बाबा, म्हणजे माझं लग्न पुढच्या महिन्यात नाही, येत्या महिन्यात."

मास्तर हसले नाहीत. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता, पण आपण मानत नाही म्हणून दुसऱ्याचं मोडायचं असं थोडंच असतं. शिवाय आत्याचं म्हणणं त्यांच्या मनाला लागलं होतं. त्यांची बायको दवाखान्यात पहाटे गेली तेव्हा ते व्हरांड्यात झोपले होते. तिच्यासाठी कुणी काही आधी करून ठेवलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातली एक काठी उचलली आणि ऑर्गनच्या बाजूचं बुटकं दार उघडून आत शिरले.

३

काठीचा उपयोग झाला नाही. फळीवर ठोकलं की नळ्या थरथरत आणि नुकता लावलेला सूर हलायचा. हलकं ठोकलं तर भात्याच्या मोटरच्या घरघरीत बबीला ऐकू जायचं नाही. दुपार होईतो मास्तरांच्या तोंडातून शब्द निसटायला लागला होता, आधी पुटपुटल्यासारखा, मग चांगला मोठ्यानं.

"बाबा, जीभ आवरा," बबी बाहेरून म्हणाली.

"निघालं गं तोंडातून."

"जित्याची खोड," बबी म्हणाली, आणि उरलेली म्हण तिनं गिळली. घरात वर्षभर कुणी ती पुरी केली नव्हती.

बायकांची प्रार्थना संपली. दार लोटल्याचा आवाज झाला आणि खाली शांत झालं. वरच्या खिडकीतून येणारं ऊन नळ्यांच्या फटींतून मास्तरांच्या हातावर पडलं होतं. दोन नळ्यांचे सूर जुळत नसले की आवाजात लाट उठते, दोघं भांडत असल्यासारखी. कडी खाली घेत नेली की लाट लांबत जाते, लांबत जाते, आणि मग एकदम दोन्ही सूर एक होतात. मास्तरांनी कडी सोडली. हाक द्यायला तोंड उघडलं.

शब्द निघायच्या आत शेजारची पट्टी वाजली.

मास्तरांचा हात शेजारच्या नळीकडे गेला. मग त्यांनी ती नळी लावली. पुन्हा तसंच. केसभर आधी. एका पाठोपाठ एक सूर वर चढत गेले आणि मास्तर आतल्या आत विरघळत गेले. पोरीला आईचा कान आला. इतके दिवस नव्हता, आणि जाता जाता आला.

"आलं गं तुला," ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. मग तो लपवायला त्यांनी नेहमीसारखी हाक दिली, "पुढची!"

सूर आला. मास्तर पाठ फिरवून बुटक्या दारातून बाहेर पडले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून.

स्टूल रिकामं होतं. ऑर्गन गप्प होता. बबी जिना चढून येत होती, हातात थर्मास.

"चहा आणायला गेले होते," ती म्हणाली. "सांगून गेले की. तुम्ही 'हं' म्हणालात."

"कधी गेलीस?"

"झाला बराच वेळ. न्हाव्याच्या शेजारी टपरी आहे, तिथं ही गर्दी. का हो? घाम किती आलाय तुम्हाला."

मास्तरांनी पट्ट्या तपासल्या. एक जराशी जड चालत होती. दमट हवा, जुनं लाकूड, पट्टी अडकते आणि आपोआप वाजत राहते, हे त्यांनी बबीला समजावून सांगितलं आणि बबीला ते पटलं. अडकलेली पट्टी एकच सूर धरून बसते, एकेक करत वर चढत नाही, हे मास्तरांना बबीपेक्षा जास्त कळत होतं. ते चहा पीत बसले.

४

सकाळी चर्चच्या पायऱ्या चढत असतानाच घंटा सुरू झाली, एकेक टोला सुटा. जपमाळेच्या बायकांमधली एक रात्री झोपेतच गेली होती. काल ती प्रार्थनेला होती, जाताना आत्याशी हसत बोलली होती, असं सगळे सांगत होते. वय झालं होतं म्हणा. रडारड फारशी नव्हती.

दुपारी पुरण्याच्या वेळी मास्तर आणि बबी कुंपणाशी उभे राहिले. काम बंद ठेवून, उतरायला दिलेल्या खोलीवर बसून राहणं बरं दिसलं नसतं. माती लोटून झाली, फुलं ठेवून झाली. मग फादरनी पुस्तक मिटलं आणि सगळे एकदम गुडघ्यांवर आले. लेकुरवाळ्या आया, न्हावी, थोरली आत्या, पोलिसाच्या गणवेशातला एक तरुण. "आपल्यातल्या पुढच्यासाठी," फादर म्हणाले आणि प्रार्थना सुरू झाली.

मास्तरांनी असं काही पाहिलं नव्हतं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रत्येक जण ती प्रार्थना दुसऱ्यासाठी म्हणत होता आणि ती आपल्यासाठीच असेल हे धरून चालत होता. कुणाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपल्या घरी मरण आलं ते चोरासारखं आलं, इथं त्याच्यासाठी दार उघडं ठेवतात, असं मास्तरांच्या मनात आलं आणि त्यांना त्या माणसांचा हेवा वाटला. गुडघे टेकायची मात्र त्यांना लाज वाटली. ते उभेच राहिले.

परतताना घंटाकाका त्यांच्याजवळ आला. "मास्तर, काल वरून हाक ऐकली मी. तुम्ही 'पुढची' म्हणालात."

"पट्टीला म्हणालो हो. पट्टी ती पट्टी. दुसरं काय म्हणणार?"

"पट्टीला म्हणालात ते मला कळतं," घंटाकाका म्हणाला. "ऐकणाऱ्याला काय ठाऊक, तुम्ही पट्टी म्हणता की बाई?"

मास्तरांना राग आला. आपण काय बोलतो याचा आणि एका म्हातारीच्या थकलेल्या काळजाचा काय संबंध, असं ते खोलीवर जाईपर्यंत बबीला सांगत होते. बबी म्हणाली, "मी कुठं काय म्हटलं?" रात्री मात्र ती खोकली तेव्हा मास्तर उठून बसले आणि दिवा लावून तिच्याकडे बघत राहिले.

५

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरी बांधली. एक टोक आत आपल्या हाताशी, दुसरं बबीच्या मनगटाला. सूर लागला की हिसका द्यायचा. बोलायचंच नाही. बबी म्हणाली, "आता गळ्यात घंटा बांधा म्हणजे झालं." पण युक्ती चालली. सकाळभर काम कसं लोण्यासारखं झालं.

दुपारी बायका आल्या आणि खाली प्रार्थना सुरू झाली. एक आवाज पुढे, बाकीचे मागून, लाटेसारखे. मास्तरांनी मोटर बंद ठेवावी म्हटलं, तर आत्यानं खालूनच हात केला, चालू द्या. मग प्रार्थनेच्या तालावर त्यांचे हात चालू लागले. हिसका, सूर. हिसका, सूर. मास्तरांचं मन कुठं गेलं ते त्यांनाच कळलं नाही. बहुधा ते जुन्या कामांवर गेलं, स्टुलाच्या कुरकुरीवर, थर्मासच्या झाकणावर. दोन सूर एक झाले आणि त्यांच्या तोंडून, अगदी सहज, प्रेमानं निघालं, "पुढची."

सूर आला. बबी बाहेरून दबल्या आवाजात म्हणाली, "बाबा, मी नाही दाबली."

खाली प्रार्थना थांबली होती.

मास्तरांनी दर्शनी नळ्यांच्या फटीला डोळा लावला. कठड्यापलीकडे सगळं चर्च दिसत होतं. थोरली आत्या आपल्या जागेवरून उठली होती. तिनं जपमाळ गुंडाळून शेजारणीच्या हातात दिली, पदर सारखा केला आणि मधल्या वाटेवर येऊन ती पहिल्या बाकाच्या टोकाशी गेली. त्या कोऱ्या जागेसमोर उभी राहून तिनं वर सज्जाकडे पाहिलं. रागानं नाही. हाक ऐकू आली, असं सांगायला पाहतात तसं. मग ती बसली. दुसऱ्या बाईनं प्रार्थना जिथं तुटली होती तिथून उचलली.

संध्याकाळी आत्या घरी गेली, भावाला जेवायला वाढलं आणि पाट उचलता उचलता गेली.

६

"तू आज खोलीवरच थांब," मास्तर बबीला म्हणाले. "बाहेरून कडी लावू का?"

"मी काय लहान आहे?"

"लहान नाहीस म्हणूनच. ऐक माझं. संध्याकाळच्या गाडीनं निघायचं."

त्यांना तेव्हाच निघायचं होतं. पण घंटाकाका दाराशी येऊन उभा होता. बहिणीला पुरताना ऑर्गन वाजावा अशी तिची फार इच्छा होती, आणि फक्त वरच्या बारीक नळ्यांची ओळ राहिली होती. आपल्या तोंडून जे गेलं त्यानंतर नाही म्हणायला मास्तरांची जीभ उचलेना. शिवाय एकट्यानंही काम होतं, वेळ लागतो इतकंच. रुमालात वजन गुंडाळून पट्टीवर ठेवायचं, आत जायचं, नळी लावायची, बाहेर येऊन वजन सरकवायचं. बोलायला कुणी नाही म्हटल्यावर बोलण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांनी तोंडाला मफलर बांधला.

चर्च रिकामं होतं. ऊन वेदीपर्यंत पोचलं होतं. मास्तरांनी पहिल्या पट्टीवर वजन ठेवलं, आत गेले, कडी धरली. लाट लांबत गेली आणि थांबली. ते वळणार तोच शेजारचा सूर आला.

पळावं, असं त्यांच्या मनात आलं. ते पळाले नाहीत. त्यांचा हात वर गेला आणि त्यानं ती नळी धरली. सूर जुळला, त्याच्याआधी केसभर दुसरा आला. हाक द्यायची गरजच नव्हती. मास्तर आणि बाहेरचं जे कोण होतं ते, दोघं मिळून ओळ चढत गेले. वर्षभरात इतकं चोख काम झालं नव्हतं. मफलर भिजला होता आणि आपण रडतोय हे मास्तरांना कळत होतं. भीती वाटत होती आणि हे संपू नये असंही वाटत होतं, खोटं कशाला बोला.

ओळीतली शेवटची, सर्वांत बारीक नळी लागली आणि तेवढ्यात खालून बबीचा आवाज आला.

"आले हो बाबा, आले. किती हाका मारायच्या?"

मास्तर फटीकडे झेपावले. बबी मोठ्या दारातून आत आली होती, हातात थर्मास. "गल्लीपर्यंत ऐकू येतंय तुमचं पुढची, पुढची," ती म्हणत होती. "घसा बसेल." ती सज्जाच्या जिन्याकडे वळली नाही. हाक जिथून आली असं तिला वाटत होतं तिकडे, मधल्या वाटेनं, ती सरळ वेदीच्या दिशेला चालली होती.

मास्तरांनी चर्चमध्ये आल्यापासून तोंडही उघडलं नव्हतं.

त्याच फटीतून, नाकासमोर खाली, पट्ट्या दिसत होत्या. वजन पहिल्या पट्टीवरून काढून कुणीतरी बाजूला ठेवलं होतं, रुमालाची घडी घालून. टोकाची पट्टी दाबलेली होती. मग ती वर आली, खटकन नाही, सावकाश, आवाज होऊ नये म्हणून बोट जपून उचलतात तशी. डोळा जरासा डावीकडे सरकवला असता तर स्टूल दिसलं असतं. मास्तरांनी सरकवला नाही.

बबी पहिल्या बाकापाशी पोचली होती. सगळ्या बाकांसमोरच्या गुडघे टेकायच्या फळ्या, रिकाम्या चर्चमध्ये उचललेल्या असतात त्या, खाली दाबलेल्या होत्या, भरल्या चर्चमध्ये असतात तशा. "कुठायत तुम्ही?" ती म्हणाली. "दमले बाई." तिनं थर्मास खाली ठेवला आणि त्या कोऱ्या जागेवर बसायला हात टेकला.

मास्तरांनी मफलर ओरबाडून काढला.

"पुढचा!"

आयुष्यात त्यांनी तो शब्द असा कधी उच्चारला नव्हता. पट्टीला कुणी पुढचा म्हणत नाही. नळ्यांमधून तो सगळ्या चर्चभर गेला.

दाबलेल्या फळ्या एका पाठोपाठ एक उचलल्या गेल्या. बबी बसता बसता थांबली आणि तिनं वर पाहिलं.

७

मास्तर जिना जपून उतरले. बबी अजून बाकाशी उभी होती.

"कोण पुढचा?" तिनं विचारलं. "आणि त्या फळ्यांना काय झालं?"

"जुनं लाकूड," मास्तर म्हणाले. त्यांनी तिचा हात त्या बाकावरून उचलला, आपल्या दोन्ही हातांत धरला. गरम होता. "झालं काम. सगळे सूर लागले."

"मग चला."

"तू पु..." मास्तरांनी जीभ चावली. तू पुढे हो, मी आलोच, असं माणूस दिवसातून किती वेळा म्हणतो. "तू जा," ते म्हणाले. "न्हाव्याच्या शेजारी थांब. मी जरा टेकतो इथं."

"तुम्ही? इथं?" बबीला गंमत वाटली, पण बाबांचा चेहरा बघून ती हसली नाही. "बरं वाटत नाहीये का?"

"चांगलं वाटतंय. स्वेटर घालून जा. बाहेर वारं आहे."

"ऊन पडलंय बाबा."

"तरी घाल."

तिनं घातला. थर्मास त्यांच्याजवळच ठेवला, गार व्हायच्या आत घ्या म्हणाली. जाता जाता दाराशेजारचं बटण दाबून तिनं मोटर बंद केली. भात्यातली हवा हळूहळू बसत गेल्याचा उसासा वरून आला आणि मग काहीच आवाज उरला नाही. मास्तरांनी तिची पावलं उंबऱ्यापर्यंत ऐकली, उंबऱ्याच्या खोल दगडावर ऐकली, रस्त्यावर लागलेली ऐकली. आत्याच्या कबरीशी आज सगळी वस्ती गुडघ्यांवर येणार होती. परवा आपण नुसते उभे राहिलो, तरी त्यात आपल्यासाठीही एक प्रार्थना झाली होती, हे त्यांच्या मनात आलं, आणि आजही होईल, हेही आलं. त्यांना बरं वाटलं.

ते त्या जागेवर बसले. मग कुणी सांगितल्यासारखे खाली उतरून गुडघ्यांवर आले. फळीतले दोन खळगे त्यांच्या गुडघ्यांना बरोबर बसले. शेजारी बाक करकरला, आत सरकून कुणी जागा करून द्यावी तसा. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही. समोर क्रूसाचा रंग उडालेला पाय होता. प्रार्थना त्यांना एकही येत नव्हती. येत होते ते दोनच शब्द, आणि त्यातला एक त्यांनी वापरून टाकला होता.

त्यांनी 'अगं' म्हणायला तोंड उघडलं.

शब्द निघायच्या आत, केसभर आधी, वरून सूर आला. चोख लागलेला होता. एवढ्या वरची पट्टी त्या ऑर्गनला नव्हती.